बोली आधी, गाडी नंतर

थकलेल्या कर्जापोटी बँकेने जप्त केलेल्या घराच्या, ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या लिलावाची नोटीस मराठी वर्तमानपत्रांत जवळजवळ रोज छापून येते. ‘जसे आहे जेथे आहे’ आणि ‘जसे आहे जे आहे’ या तिच्या ठरीव भाषेला हसणे सोपे आहे. बँक त्या वस्तूची कसलीही हमी देत नाही, मागाहून तक्रार चालणार नाही, एवढेच त्या बोजड शब्दांत सांगितलेले असते. पण त्याच नोटिशीत बारीक टायपात पाहणीची तारीख आणि वेळही दिलेली असते. ज्याला बोली लावायची आहे त्याने त्या दिवशी यावे, भिंतींना ओल आहे का ते बघावे, ट्रकच्या खाली वाकून बघावे आणि मग आपला आकडा ठरवावा. हमी न देण्याची अट न्याय्य ठरते ती या पाहणीमुळे. जुन्या, हौसेने जपलेल्या मोटारींचा जो ऑनलाइन लिलाव गेल्या दहा-बारा वर्षांत फोफावला, त्याने हमी न देण्याची अट जशीच्या तशी उचलली आणि पाहणी मात्र वाऱ्यावर सोडली. या बाजारात घेणारा आणि विकणारा दोघेही वैतागलेले असतात आणि एकमेकांना दोष देत असतात. माझ्या मते दोघांच्या वैतागाचे मूळ एकच आहे. गाडी तपासण्याचे काम तिथे कुणाचेच नाही. ते लिलाव भरवणाऱ्या कंपनीवर टाकल्याखेरीज हा बाजार सुधारणार नाही.

या धंद्यातले सर्वांत ठळक नाव अमेरिकेतल्या ‘ब्रिंग अ ट्रेलर’चे. २००७ मध्ये सुरू झाले तेव्हा कुठे कोणती जुनी गाडी विकायला निघाली आहे एवढेच ते सांगत असे. २०१४ पासून तिथे लिलाव होऊ लागले, २०२० मध्ये हर्स्ट या बड्या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले आणि २०२२ मध्ये तिथली वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. करोनाच्या टाळेबंदीने जुन्या नामांकित लिलावगृहांनाही याच वाटेवर आणले. मे २०२० मध्ये आरएम सदबीजने एक फेरारी एन्झो ऑनलाइन लिलावात २६ लाख ४० हजार डॉलरना विकली. चित्रांच्या लिलावासाठी ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या अस्तागुरूनेही व्हिंटेज गाड्या ऑनलाइन बोलीला लावल्या आहेत. या सगळ्यातून एक खरे भले झाले ते आधी मान्य केले पाहिजे. पूर्वी अशा गाडीची किंमत दलाल सांगेल ती असे. आता कोणते मॉडेल, कोणत्या साली, किती आकड्यावर गेले ते कुणालाही पाहता येते.

पण आकडा उघडा पडला म्हणून गाडी उघडी पडत नाही. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ब्रिटिश एमजी-बी घ्या. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते, आणि त्या भाराचा मोठा वाटा दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पेट्यांवर असतो. पाणी आत शिरते आणि गंज आतून बाहेर येतो. वरचा पत्रा शेवटपर्यंत टणक दिसतो. कुणीतरी वरून पट्टी ठोकून, पुट्टी भरून, रंग मारून दिला की शंभर फोटोंतही काही कळत नाही. साधे चुंबक फिरवले तरी कळते, कारण पुट्टीच्या जाड थरावर ते धरत नाही. पण चुंबक फिरवायला गाडी समोर हवी. थंड इंजिन सुरू होताना किती वेळ घेते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात येताना दात खरवडतात का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, यांतले काहीही फोटोत येत नाही. व्हिडिओ असतात, पण ते विकणाराच काढतो, आणि इंजिन आधीच गरम करून ठेवायला त्याला कुणी अडवलेले नसते. त्यातच या बाजारात मूळ इंजिन, मूळ चासी नंबर यांना सोन्याचा भाव. एकाच मॉडेलच्या, दिसायला जुळ्या दोन गाड्यांत, एकीचे इंजिन कारखान्यातून तिच्यासोबत निघालेले आणि दुसरीचे नंतर बदललेले असेल तर किमतीत मोठा फरक पडतो. नंबर खरा ठोकलेला आहे की घासून पुन्हा ठोकलेला, हे ओळखायला बोट आणि टॉर्च दोन्ही लागतात. आपल्या आरटीओतही चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात तो उगीच नव्हे.

याचा बोलीवर काय परिणाम होतो हे अर्थशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून दाखवले की ज्याच्या पोटात काय आहे ते कुणालाच नक्की ठाऊक नाही अशा वस्तूच्या लिलावात जिंकणारा बहुधा तोट्यात जातो. कारण सरळ आहे. प्रत्येक जण अंदाज बांधतो, काहींचा कमी येतो, काहींचा जास्त, आणि लिलाव जिंकतो तो सर्वांत जास्त अंदाज बांधणारा, म्हणजे बहुतेक वेळा सर्वांत जास्त चुकलेला. अंदाजांमधला फरक जितका मोठा तितका हा फटका मोठा. गाडी स्वतः पाहिलेल्या वीस जणांचे अंदाज एकमेकांजवळ असतील, फोटो पाहिलेल्या वीस जणांचे दूरदूर पसरतील. घरी पोचलेली गाडी पाहून अनेकांना जो धक्का बसतो तो त्यांच्या नशिबाचा भाग नव्हे. असा लिलाव तीच माणसे निवडून काढतो ज्यांना धक्का बसायचा आहे.

शहाणे ग्राहक हे ओळखतात आणि आपली बोली आधीच खाली ठेवतात. इथून विकणाऱ्याची पंचाईत सुरू होते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींचेच उदाहरण घेऊन लिहिलेला निबंध गाजला आणि २००१ च्या नोबेल पुरस्कारात त्याचा मोठा वाटा होता. त्यांचे म्हणणे असे की घेणाऱ्याला चांगली गाडी आणि खराब गाडी यांत फरक करता येत नसेल तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकायला तयार होत नाही आणि बाजारात खराब मालाचे प्रमाण वाढत जाते. वीस वर्षे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, दर सर्व्हिसची पावती फाइलला लावलेली गाडी घेऊन जो प्रामाणिक माणूस या लिलावात उतरतो, त्याला आपल्या प्रामाणिकपणाचे पैसे मिळत नाहीत. इतरांच्या लबाडीची कसर त्याच्या गाडीच्या भावातून काढली जाते.

आणि त्याचे हाल एवढ्यावर थांबत नाहीत. लिलाव साधारण आठवडाभर चालतो. त्या दिवसांत शेकडो अनोळखी लोक त्याच्या गाडीखाली शेरे मारत असतात. डाव्या दाराची फट उजवीपेक्षा रुंद का, स्टिअरिंग त्या सालचे का नाही, मैलांचा आकडा खरा कशावरून. यांतले बरेच प्रश्न रास्त असतात, पण उत्तर द्यायला उशीर झाला की संशय पक्का होतो, आणि संशय पक्का झाला की बोली थबकते. एवढे करून आकडा राखीव किमतीला पोचला नाही तर गाडी विकली जात नाही, आणि पडलेली शेवटची बोली मात्र कायमची जाहीर राहते. पुढच्या वेळी कुणीही येऊन सांगतो की अमुक महिन्यात हिला एवढेच मिळत होते. भाव उघडा झाल्याचा जो फायदा मी वर सांगितला त्याची ही दुसरी बाजू. गाडी राखीव किमतीच्या वर गेली तरी खरेदीदार मागाहून पाय काढतो तेव्हा विकणाऱ्याच्या हाती वकिलाचा सल्ला आणि जुनाट झालेली जाहिरात उरते.

या दोघांच्या मधोमध बसलेल्या कंपनीची स्थिती पाहा. ‘ब्रिंग अ ट्रेलर’सारख्या ठिकाणी खरेदीदाराकडून बोलीच्या पाच टक्के शुल्क घेतले जाते, त्याला कमाल मर्यादा असते. लिलाव संपला की ते त्याच्या कार्डावरून वसूल होते आणि गाडीचे पैसे मात्र दोघांनी आपापसांत द्यायचे-घ्यायचे. म्हणजे कंपनीचा हिशेब चुकता होतो तेव्हा गाडी अजून हललेलीही नसते. आम्ही फक्त जागा देतो, विकणारा आणि घेणारा स्वतंत्र आहेत, अशी तिची भूमिका. ती मला पटत नाही, कारण या कंपन्या आलेली प्रत्येक गाडी लावून घेत नाहीत. त्या निवड करतात, वर्णन स्वतः लिहून देतात, फोटो कसे हवेत ते सांगतात, दिवस आणि वेळ ठरवतात. ही निवड हीच त्यांची जाहिरात असते. लोक तिथे जास्त बोली लावतात ते इथे गाळीव माल येतो या विश्वासाने. विश्वासाचे पैसे घ्यायचे आणि विश्वासाची जबाबदारी झटकायची, असा हा व्यवहार आहे. शिवाय तो कायद्यालाही सोयीचा पडतो. स्वतः तपासणी केली तर कंपनीवर बालंट येऊ शकते, न केली तर ती नामानिराळी राहते. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देते ते तो मजकुरात हात घालत नाही या गृहीतावर. वर्णन लिहिणाऱ्या कंपनीला ते कितपत लागू व्हावे, याचा विचार व्हायला हवा.

मागणी फार मोठी नाही. गाडी लिलावाला लावण्यापूर्वी कंपनीने स्वतंत्र तंत्रज्ञाकडून ती तपासून घ्यावी, लिफ्टवर चढवून खालून फोटो काढावेत, रंगाच्या थराची जाडी मोजावी, इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे, दोन्ही नंबर कागदपत्रांशी ताडून पाहावेत आणि तो अहवाल बोली सुरू होण्याआधी सर्वांसमोर ठेवावा. गाडीचे पैसे काही दिवस तिसऱ्या खात्यात राहावेत आणि गाडी अहवालाशी जुळली नाही तर परत मिळावेत. गाडी चांगली आहे असे कुणी म्हणायचे नाही, फक्त काय मोजले आणि काय आढळले ते लिहायचे. अशा माहितीचा भावावर परिणाम होतो याला पुरावाही आहे. ग्रेगरी लुइस यांनी ईबे मोटर्सवरच्या विक्रीचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. विकणाऱ्याने दिलेल्या फोटोंनी आणि तपशिलांनी किंमत लक्षणीय बदलते असे त्यांना आढळले. त्यांच्या मते असे तपशील एक प्रकारच्या कराराचे काम करतात. पण करार मोडला तर दाद मागता आली पाहिजे. दोन हजार किलोमीटरवरच्या विक्रेत्याविरुद्ध दावा कोण लावत बसणार?

महाराष्ट्राला हा धडा मोटारींआधी कांद्याने दिला आहे. लासलगावच्या बाजार समितीत व्यापारी ट्रॉलीपाशी येतो, कांदा हातात घेऊन दाबून पाहतो आणि मग बोली बोलतो. एप्रिल २०१६ मध्ये शेतमालाच्या ऑनलाइन लिलावाची ई-नाम ही सरकारी योजना सुरू झाली तेव्हा स्वप्न असे होते की दुसऱ्या राज्यातला व्यापारी संगणकावरून बोली लावेल. राज्याराज्यांतला असा व्यापार फारच थोडा झाला. त्याची कारणे अनेक आहेत, पण न पाहिलेल्या मालाच्या प्रतीवर विश्वास कसा ठेवायचा हे त्यांतले मोठे. म्हणूनच त्या योजनेत बाजारातच प्रतवारी करणाऱ्या प्रयोगशाळांवर भर दिला गेला. माल दुरून विकायचा असेल तर त्याची परीक्षा कुणीतरी जागेवर केली पाहिजे. चार महिन्यांत सडणाऱ्या कांद्यासाठी जे सरकारला सुचले ते पन्नास वर्षे गंजत आलेल्या मोटारीसाठी खासगी कंपन्यांना सुचू नये, हे जरा नवलाचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा की गाडी तपासून घ्यायला खरेदीदाराला कुणी मनाई केलेली नाही. त्याने मेकॅनिक पाठवावा. एकट्या व्यवहारात हे ठीक आहे, लिलावात नाही. वीस जण बोली लावणार असतील तर विसांनी तपासणीचे पैसे द्यायचे आणि एकोणीस जणांचे वाया जायचे. प्रत्येक जण हा हिशेब करतो आणि बहुतेक जण तपासणीच करत नाहीत. एका अहवालाने विसांचे काम होत असेल तर तो एकदाच, आणि सर्वांच्या वतीने, कंपनीने करून घेणे सर्वांत स्वस्त पडते. अमेरिकेत अशा तपासणीला साधारण काही शे डॉलर लागतात. हजारो डॉलरच्या शुल्कातून ते निघणार नाहीत हे पटण्यासारखे नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेरे मारणारी जाणकार मंडळी ही तपासणी फुकट करतात, असे या बाजाराचे चाहते सांगतात. त्यात तथ्य आहे. एखाद्या सालच्या पोर्शेला कोणत्या कंपनीचे घड्याळ होते, नंबर ठोकलेल्या अंकांचे वळण कारखान्याचे आहे की नाही, हे सांगणारी माणसे तिथे असतात, आणि त्यांनी उघडकीला आणलेली लबाडी कुठल्याही पगारी निरीक्षकाच्या नजरेतून निसटली असती. मला या मंडळींबद्दल आदर आहे. पण त्यांच्याही हाती तेच फोटो असतात. विकणाऱ्याने जे दाखवले नाही ते त्यांनाही दिसत नाही, आणि त्यांच्यातला कोण स्वतः बोली लावणार म्हणून गाडीला नावे ठेवतो आहे हे कुणाला कळत नाही. तपासणीचा अहवाल हाती आला तर हीच माणसे अधिक नेमके प्रश्न विचारतील.

तिसरा आक्षेप, प्रत्यक्ष लिलावगृहातही काय धुतल्या तांदळासारखे चालते? नाही चालत. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे इथे पोर्शे टाइप ६४ या दुर्मीळ गाडीच्या लिलावात पुकारणाऱ्याचा तेरा दशलक्ष हा आकडा पडद्यावर तीस दशलक्ष म्हणून झळकला. बोली पडद्यावर सत्तर दशलक्षांपर्यंत गेली, मग ती सतरावर आणली गेली, प्रेक्षकांनी हुर्यो केली आणि गाडी न विकताच परत गेली. पण तिथे गोंधळ आकड्यात होता. गाडी सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी होती. खोट्या बोलींचा प्रश्न दोन्हीकडे आहे, आणि त्यासाठी आपल्या १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातले कलम ६४ पुरेसे स्पष्ट आहे. भाव चढवण्यासाठी विक्रेत्याने खोटी बोली वापरली तर विक्री रद्द करण्याचा अधिकार खरेदीदाराला मिळतो. टोपणनावामागे कोण आहे हे फक्त कंपनीला ठाऊक असते, म्हणून ते शोधण्याचे कामही तिचेच.

राहिला ‘ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत’ हा जुना न्याय. कायद्याने तो कधीच निखळ मानलेला नाही. चंडीगड प्रशासनाच्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाहीर लिलावात तयार भूखंड घेणाऱ्याला ग्राहक मानायला नकार दिला, पण त्यामागे जागा पाहून घेण्याची संधी मिळाली होती हा विचार होता. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशाने तर ही रेघ स्पष्टच ओढली. ज्या लिलावाला ग्राहक प्रत्यक्ष हजर राहू शकतो तोच जाहीर लिलाव. केवळ संकेतस्थळावर होणारा लिलाव त्यात मोडत नाही, त्यामुळे व्यापाऱ्याकडून तिथे घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते. विक्रेता खासगी माणूस असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि अशा गाड्या विकणाऱ्यांत खासगी माणसे पुष्कळ असतात. ही फट विक्रेत्यावर बंधने घालून बुजणार नाही, कारण घरातली एकुलती जुनी गाडी विकणाऱ्यावर व्यापाऱ्याचे नियम लादणे योग्य नव्हे. दोन्ही बाजूंना समान असलेला एकच व्यावसायिक पक्ष या व्यवहारात आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आजवर राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसपुरता होता. आता तसा राहणार नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले त्यांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात टिकलेल्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. सत्तरच्या दशकातल्या फियाट आणि अँबॅसडर आता एकामागून एक या वयाला पोचत आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाटमध्ये आणि उत्तरपाऱ्याच्या अँबॅसडरमध्ये पुढे किती घरांत, किती गॅरेजांत डिझेल इंजिने बसवली गेली, सीएनजीच्या टाक्या चढल्या, हे त्या काळात गाडी चालवलेल्या कुणालाही ठाऊक आहे. हौसेने ऑनलाइन बोली लावून अशी गाडी घेणाऱ्याला ती मूळ स्वरूपात नाही हे कळायचे ते नोंदणीसाठी राज्याच्या समितीपुढे नेल्यावर. तोवर पैसे गेलेले असतात आणि आधीच्या मालकाने फोन उचलणे बंद केलेले असते. या समितीची तपासणी विक्रीआधी करून घ्यायची सोय परिवहन खात्याने ठेवली, आणि तो दाखला नसलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून बोलीला लावायला लिलाव कंपन्यांना बंदी केली, तर नव्या कायद्याचीसुद्धा गरज पडणार नाही. नियमात दुरुस्ती आणि एक शासकीय परिपत्रक पुरेल.